कोयता एक, जाकीट एक

आमच्या गावात गोधडी शिवावी तर लंकाबाईनं. तिचा टाका असा पक्का, की नवरा-बायकोच्या ओढाताणीतही उसवायचा नाही, असं बाया तिला चिडवायच्या. पण दिवाळी झाली की सुईदोरा कोनाड्यात टाकून ती नवऱ्याबरोबर, बिभीषणबरोबर, राहुरीकडं ऊस तोडायला जायची. तिकडं तिला नाव नव्हतं. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. तो वाकून तोडणार, ही मागून मोळ्या बांधून डोक्यावर ट्रॉलीपर्यंत नेणार, आणि मोजताना दोघं मिळून एक.

गेल्या हंगामात शेजारच्या फडातून बिबट्यानं एका बाईला मानेला धरून ओढत नेलं. टोळी फडात उतरेना. तेव्हा मळ्याचे मालक आप्पासाहेब यांनी पोलिसांच्या बुलेटप्रूफसारखी जाकिटं मागवली. छातीला एक आणि पाठीला एक जाड पोलादी पत्रा, वर गळ्याला खिळ्यांचा पट्टा. मुकादम वैजनाथनं ती वाटली, कोयत्याला एक. लंकाबाईनं आपल्यासाठी दुसरं मागितलं.

"कोयता एक, जाकीट एक," तो म्हणाला. यात काही चुकतंय असं साऱ्या टोळीत कुणालाही वाटलं नाही, याची मला अजून चीड येते.

जाकीट पुरुषी मापाचं, म्हणून बिभीषणनं घातलं. तो वाकला की छातीचा पत्रा वर सरकून गळ्यात रुतायचा. लंकाबाई म्हणाली, "बिबट्या काय समोरून रामराम घालत येतो व्हय? पुढचा पत्रा मला द्या." तो तिनं गोणपाटाच्या कप्प्यात घालून शिवला आणि स्वतःच्या पाठीवर बांधला. पट्टा मात्र एकच होता. तो बिभीषणनं काढून दिला नाही. मोळी डोक्यावर घेताना खिळे आडवे येतील, अशी तिनंच मनाची समजूत घातली.

ती मोळी बांधायला बसलेली असताना मागच्या उसातून बिबट्या आला. नखं पत्र्यावरून घसरली. दात मात्र पत्र्याच्या वर, खांद्यात घुसले. कोयते घेऊन टोळी धावली, जनावर पळालं, लंकाबाई वाचली. उजवा हात कामातून गेला. आता त्यात सुईसुद्धा धरवत नाही.

यंदा बिभीषण एकटाच निघाला. वैजनाथ त्याला न्यायला आला, ओट्यावर बसून चहा प्याला आणि म्हणाला, "आता तू अर्धा कोयता. जाकीट दुसऱ्या अर्ध्याबरोबर आलटून पालटून घाल. आन् तो पत्रा दे, आप्पासाहेबांचा हाय, जमा करायचाय."

लंकाबाई दारात उभी होती. आवाज न चढवता ती म्हणाली, "मी संगं हुते तवा ह्यो अर्धा हाय, हे तुमाला दिसलं न्हाई, मुकादम. बिबट्यानं तेवढं मला येगळं मोजलं."

वैजनाथनं पत्रा पुढ्यात ओढला आणि गोणपाटाचे टाके उसवायला घेतले. ते काही उसवेनात, तेव्हा पत्रा गोणपाटासकट घेऊन गेला.