उडीमामाची पावलं

उडीमामा कुठूनही उतरत नसे. तो उडी मारत असे. आजोळच्या घरात माळ्याला शिडी होती, पण ती इतरांसाठी. मामा वरून भाताचं पोतं खाली सोडायचा आणि त्याच्या मागोमाग स्वतः यायचा. बैलगाडी थांबायच्या आत तो रस्त्यावर असे. किन्हवलीच्या एसटीचा कंडक्टर त्याला दारापाशी उभाच राहू देत नसे. आणि उडी तरी कशी? दोन्ही पाय जोडलेले, गुडघे ढिले, हनुवटी छातीला टेकलेली. पाय जमिनीला लागले की एका कुशीवर अंग टाकून लोळायचा आणि उठून उभा राहायचा. पाठीला धूळ, तोंडावर समाधान. आजी कपाळाला हात लावायची. "पाखराच्या जल्माला जायचं सोडून माझ्या पोटी कशाला आलास रे?"

तो माझ्या आईचा धाकटा भाऊ. नाव दामू, पण ते आजीशिवाय कुणी घेत नसे. आजोळ किन्हवलीहून मुरबाडकडे जाताना लागणाऱ्या एका वाडीत होतं. पावसाळ्यात मामा भाताच्या खाचरात असायचा आणि दिवाळीनंतर आसनगावला गवताच्या वखारीत. आमच्या भागातलं गवत तिथे दाबून, गासड्या बांधून, रेल्वेच्या वाघिणीतून मुंबईच्या तबेल्यांना जाई. मामा त्या गासड्या रचायचा. रचून झाल्या की सगळ्यात वरच्या गासडीवर चढायचा आणि तिथून खाली येण्याचा त्याचा मार्ग तुम्हाला आता ठाऊकच आहे.

हे वेड त्याला लागलं ते त्याच वखारीत. एकदा सैनिकांनी भरलेली एक आगगाडी आसनगावला बराच वेळ अडकून पडली होती. जवान खाली उतरून पाय मोकळे करत होते. त्यांतल्या काहींच्या डोक्यावर जांभळट तांबड्या टोप्या होत्या. हे छत्रीवाले, विमानातून उड्या मारणारे, असं कुणीतरी सांगितल्यावर मामा गासडी टाकून थेट त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. त्यांतला एक उत्तरेकडचा जवान मोठा हौशी निघाला. त्याने मामाला गासड्यांवर चढवलं, कसं पडायचं ते करून दाखवलं आणि मामाची उडी पाहून म्हणाला, "तू तो पैदाइशी छत्रीवाला है." तो गाडीबरोबर निघून गेला आणि ते वाक्य मात्र मामाजवळ राहिलं. आम्ही ते इतक्यांदा ऐकलं की आमच्या घरात कुणाचं हिंदी सुधारलं असेल तर ते तेवढ्याच वाक्यापुरतं.

त्या जवानाने त्याला शिक्षणाचंही वर्णन सांगितलं होतं. पाठीवर ओझं घेऊन डोंगर धावत चढायचा, दोरावरून दरी ओलांडायची, उपाशी रानात दिवस काढायचे आणि शेवटी विमानाच्या दारात उभं राहायचं. आलेल्यांतले बरेच अर्ध्यात गळतात. मामाने ठरवलं, आपण गळायचं नाही. ओल्या गवताचा भारा पाठीला बांधून तो पहाटे माहुली गडाच्या पायथ्यापासून वर धावायचा. विहिरीच्या दोराला लोंबकळून ओढा पार करायचा. रानातली करवंदं आणि कंदमुळं खाऊन राहायचा आणि संध्याकाळी घरी येऊन आजीकडे दुपटीने भाकऱ्या मागायचा. आम्ही भाचरं सुट्टीत गेलो की तो आमची पलटण करायचा. मी, माझा भाऊ, शेजारची दोन पोरं आणि कधीकधी डोक्यावर हंडा घेतलेली आजीही. "आय, तू रसद," असं तो तिला सांगायचा. आम्हाला भाताच्या भाऱ्यांच्या उंच उडवीवरून उडी मारायला लावताना त्याचं एक म्हणणं असायचं, "भ्या पायात असतंय, डोक्यात नाय. पाय शिकले की भ्या जातंय." भाताच्या पेंढ्यात लोळत मी ते शिकले. अजून कुठे उंचावर गेले की माझे गुडघे आपोआप ढिले होतात.

लग्नाचं वय झालं तरी तो लग्नाला उभा राहीना. एकदा आईने त्याला खडसावून विचारलं, "लढाईला जाऊन मरायचंय का तुला?" तेव्हा तो जे बोलला ते मी दाराआडून ऐकलं. "लढाई नकोय मला, बाय. आमी जल्मभर वाकून राहिलो. आवणीला वाकून, कापणीला वाकून, मालकाच्या वट्यावर गेलो तर तिथंबी वाकून. मला एकदा वरून खाली बघायचंय. एकदा शिकवूंदे त्यांनी मला, एकदा त्या दारात उभा करूंदे. मग घरी पाठवला तरी चालंल." आईही त्याच खाचरात वाकून वाढली होती.

कल्याणला भरती निघाली तेव्हा मामा पहिल्या रांगेत होता. छाती, उंची, डोळे, धावणं, सगळ्यात पास झाला. मग डॉक्टरांनी त्याला पाण्यात पाय बुडवून कोरड्या फरशीवर उभं केलं. फरशीवर अख्खं पाऊल उमटलं, टाचेपासून बोटांपर्यंत, मध्ये खळगा म्हणून नाही. सपाट पाऊल. असा माणूस लांबचं चालू शकत नाही, असा नियम होता. माहुली धावत चढणाऱ्या माणसाला त्यांनी त्या नियमावर परत पाठवलं. मामाने हात जोडून सांगितलं म्हणे, "पगार नको, बंदूक नको, नुस्तं शिकायला घ्या." तिथला हवालदार हसला. ही काय जत्रा आहे का, पाळण्यात बसून बघायला, असं म्हणाला.

परत आला तो सरळ अंगणात. आजीने नुकतंच सारवलं होतं. त्याने घरातल्या एकेकाला पाय ओले करून त्यावर चालायला लावलं. आजी, आई, शेजारचे, मी, सगळ्यांची पावलं अख्खी. लहानपणापासून चिखलात उभे राहिलेले आम्ही, आमची पावलं चिखलासारखीच पसरलेली. फक्त एक ठसा वेगळा निघाला. तो माझ्या वडिलांचा. नाना किन्हवलीच्या शाळेत मास्तर होते, पण मूळचे घाटावरचे, नाणेघाटाच्या वर कोरड्या बाजरीच्या रानात वाढलेले. त्यांच्या ठशात मध्ये सुंदर कमान होती. मामा उकिडवा बसून त्या ठशाकडे वाळेपर्यंत बघत राहिला. "मास्तर, ह्या कमानीचं तुमाला काय काम हाय वो?" तो म्हणाला. नाना ओशाळले. ते पुढे कितीतरी दिवस सासुरवाडीला गेले की चपला काढायला कचरत.

मग कमान आणायचे उद्योग सुरू झाले. बाटलीवर पाय फिरवणं, पावलाच्या कडेवर चालणं, तळव्याखाली काथ्याचा गोळा बांधून झोपणं. प्रत्येक भरतीला जायचं, प्रत्येक वेळी फरशीवर तेच पाऊल उमटायचं. वाडीतले लोक आधी चेष्टा करायचे, मग तेही थांबले. चेष्टा करण्यापलीकडे गेलेला माणूस बघवत नाही. आजी देवीला नवस बोलली, त्याचं वेड जावं म्हणून. मामाही त्याच देवीला नवस बोलला होता, कमान यावी म्हणून.

चीनची लढाई झाली त्या हिवाळ्यात पुन्हा मोठी भरती निघाली. मामाचं वय भरतीच्या अगदी काठावर आलं होतं. ही गेली की संपलं, हे आम्हा पोरांनाही माहीत होतं. त्या दिवसांत तो उड्या मारत नव्हता. नुसता पावलं मांडीवर घेऊन बसायचा.

आमच्या वाडीत रखमाबाय नावाची म्हातारी होती. बैलाचा खांदा सुजला, तान्ह्याचं पोट फुगलं की ती तापलेल्या विळ्याने डाग द्यायची. तेव्हा घरोघर तोच इलाज होता. डाग दिलेल्या जागी कातडं आवळून येतं आणि सूज ओढली जाते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मामाच्या डोक्यात ते बसलं. कातडं आवळतं, तर तळवाही आवळेल. तळवा आवळला की मधला भाग वर उचलला जाईल. तुम्ही हसाल, पण त्या वेळी वाडीत कुणालाही ते खुळेपणाचं वाटलं नाही.

आई तेव्हा माहेरी होती, मीही होते. तिला कळलं तेव्हा विळा चुलीत लाल झाला होता. ती धावत गेली. "दाम्या, पाय जातील रे!"

"वय चाललंय, बाय," तो म्हणाला. "पाय असून काय करू?"

रखमाबाय विळा हातात घेऊन थांबली होती. "बैलाला आमी लय दिवस कामाला लावत नाय. तुला किती दिवस हायेत?"

"महिना हाय," मामा म्हणाला. महिना नव्हता. आठवडासुद्धा धड उरला नव्हता. आईला ते ठाऊक नव्हतं, नाहीतर तिने तो विळा स्वतःच्या हाताने विहिरीत टाकला असता. तिने मला कुशीत ओढून माझे कान झाकले. मामा ओरडला नाही. कातडं जळल्याचा वास मात्र आला आणि तो मला आजही येतो.

भरतीच्या दिवशी नाना त्याला गाडीत घालून आसनगावला आणि तिथून आगगाडीने कल्याणला घेऊन गेले. आधी ते नाही म्हणाले होते. पण मामाने त्यांचे पाय धरले, तीच कमानीची पावलं, आणि नानांना नाही म्हणवेना. पायांना रुईची पानं आणि चिंध्या बांधलेल्या होत्या. अंगात ताप होता. रांगेत तो सरळ उभा राहिला. नाना सांगायचे, पुढे सरकताना त्याचा चेहरा असा होता की जणू चालतोय तो दुसराच कुणी. फरशीपाशी आल्यावर त्याने स्वतःच चिंध्या सोडल्या, पाय पाण्यात बुडवले आणि पुढे टाकले. "बघा सायेब, कमान आलीय."

डॉक्टरांनी ठशाकडे पाहिलंच नाही. ते पायांकडे बघत राहिले. पाणी लाल झालं होतं. "कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

"मीच. ठसा बघा ना, सायेब. एकदा ठसा बघा."

त्यांनी त्याला उचलून खाटेवर घातलं. तो उचलणाऱ्यांच्या खांद्यावरून मागे वळून त्या फरशीकडे बोट दाखवत होता. तोवर एका शिपायाने तिच्यावर बादली ओतली होती. हे सांगताना नाना नेहमी इथे चष्मा काढून पुसत.

पाय वाचले, पण जखमा भरायला फार काळ गेला. त्यानंतर मामा पावलाच्या कडांवर चालायचा, डुलत, काठी धरून. वखारीत बसून गासड्यांचे दोर वळायचा. पुढे पाकिस्तानची लढाई झाली तेव्हा आसपासची तरणी पोरं भरतीआधी त्याच्याकडे शिकायला येत. तो खाली बसून ओरडायचा, "गुडघे ढिले! हनुवटी!" त्यांतली काही निवडली गेली, छत्रीवाला मात्र कुणीच झाला नाही. कुणी डाग द्यायची भाषा केली तर मामा काठी उगारायचा. रखमाबायने तर नंतर बैलालाही डाग दिला नाही. आणि माळ्यावरून मामा शिडीने उतरायचा, एकेक पायरी, तोंड भिंतीकडे करून. ते बघायला नको म्हणून आजी परसात निघून जायची.

माझं लग्न आजोळच्या अंगणात झालं. नवरीला मामाने मांडवात आणायचं असतं. सगळे म्हणाले, चुलतमामा आणील, दामूला कशाला त्रास. मामाने ऐकलं नाही. रीतीप्रमाणे उंबऱ्यापाशी मामाचे आणि माझे पाय धुतले. इतकी वर्षं तो चिंध्या भरलेले कॅनव्हासचे बूट घालत असे, त्या दिवशी अनवाणी होता. काठीही घेतली नाही. माझा दंड धरला आणि निघाला. आधार तो मला देत होता की मी त्याला, कळत नव्हतं.

"घाबरलीस काय गो?" त्याने हळूच विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली.

"गुडघे ढिले ठेव. पडलीस तर लोळायचं, नि उठायचं."

मला रडू फुटलं. नवरीने मान खाली घालायची असते, म्हणून मला जमीनच दिसत होती. ताज्या सारवलेल्या अंगणात आमची ओली पावलं उमटत होती. माझी अख्खी, पसरलेली, आजोळच्या वळणाची. आणि शेजारी मामाची. टाच, मग मोकळी जागा आणि कडेला नुसती रेघ, मग बोटं. मधली कमान इतकी स्वच्छ होती की नानांच्या ठशातही तशी नव्हती.

मामानेही ती पाहिली. तो थांबला. भटजी घाई करत होते, वाजंत्री वाजत होती, अंतरपाट धरून माणसं ताटकळली होती. मामा माझा दंड घट्ट धरून मागच्या ठशांकडे बघत उभा राहिला. "आली बघ," तो म्हणाला.

मग कुणीतरी आम्हाला पुढे ढकललं, आणि मागून येणारी पाहुणेमंडळी त्या पावलांवरून मांडवात आली.