फाटकापाशी घट्ट होणारा ब्रेक

इथे इतरांचे अनुभव वाचत असतो, स्वतः लिहायची ही पहिलीच वेळ. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. उभा जन्म गॅरेजमध्ये गेला. गाडी बिघडते त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं... एवढंच मला कळत होतं. जे घडलं ते घडलं तसं सांगतो. नावं तेवढी बदलली आहेत.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. डिप्लोमा करून मी नगरला स्टेशन रोडवर गॅरेज टाकलं होतं. जीप, ट्रक, एखादी फियाट नाहीतर अँबेसेडर — येणार त्याच गाड्या. अशात एका सकाळी दारात गडद हिरव्या रंगाची, टप उघडायची, दोनच सीटची विलायती स्पोर्ट्स कार येऊन उभी राहिली. शेजारच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं चहा टाकून बघायला आली.

गाडीतून उतरले ते जयवंतराव. देवळाली प्रवऱ्याचे, घरचा मोठा ऊस. वय माझ्याएवढंच, तिशीच्या आतलं. गाडी त्यांनी हौसेने मुंबईहून जुनी घेतली होती. पण गाडी दाखवताना हौसेच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज असतं, ते मला काही दिसलं नाही. ते एवढंच म्हणाले, की ब्रेकचा पेडल मधूनच दगडासारखा घट्ट होतो, पाय ठेवला तर खालीच जात नाही.

हे लक्षण ओळखीचं होतं. त्या गाडीला सर्व्हो होता — म्हणजे इंजिनच्या ओढीवर चालणारा एक डबा, जो ब्रेक दाबताना पायाला जोर देतो. ती ओढ डब्यापर्यंत पोचली नाही, की सगळा जोर पायानेच लावावा लागतो आणि पेडल जड होतो. याची परीक्षा सोपी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-सहा वेळा दाबायचा, मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचं. सर्व्हो ठीक असेल तर पेडल पायाखाली अलगद खचतो.

खचला. अगदी जसा खचायला हवा तसा.

तरी सोडलं नाही. पेडलची पिन काढून साफ केली, वंगण दिलं. चारही चाकं उतरवून बघितली, कुठे काही जाम नव्हतं. सर्व्होची नळी जुनी झाली होती, म्हटलं हीच मधूनच आत मिटत असेल. मुंबईहून नवी मागवून बसवली. औरंगाबाद रस्त्यावर लांबपर्यंत गाडी पिदडली, एकदाही त्रास झाला नाही. जयवंतरावांना सांगितलं, झालं काम.

महिन्याभरात ते परत आले. तसंच होतंय म्हणाले. कधी होतं, गाडी तापल्यावर की थंड असताना, चढावर की उतारावर — मी विचारत गेलो आणि ते "व्हतंय मधीच" याच्या पुढे जाईनात. मग गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"भाऊ, गाडी बरी असंल, आन दोष मानसाच्या पायातच असंल... असं व्हतं का?"

मला तेव्हा अर्थ कळला नाही. मी म्हटलं, मीच चालवून बघतो, जिथे होतं तिथे घेऊन चला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. मी चालवत होतो, ते डावीकडे. दुष्काळाचं साल. राहुरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना खडी फोडणारी माणसं बसलेली, बायांनी डोक्यावर ओलं फडकं घेतलेलं. एवढी उघडी गाडी बघूनही कोणी मान वर करत नव्हतं. मला उगीच शरमल्यासारखं झालं. पेडल लोण्यासारखा होता. देवळालीही आली. जयवंतराव म्हणाले, आता श्रीरामपूरच्या रस्त्याला घ्या.

पुढे रेल्वेचं फाटक लागतं. फाटक उघडं होतं, तरी सवयीने मी पाय ब्रेकवर नेला. आणि पेडल हलेना. घट्ट म्हणजे कसा सांगू... नादुरुस्त सर्व्होचा पेडल जड असतो, पण जोर लावला की जातो. हा जातच नव्हता. सीटला पाठ टेकवून मी अंगातला सगळा जोर पायात आणला. खालून कोणीतरी तळपाय लावून धरावा तसं वाटत होतं. इंजिन व्यवस्थित चालू. रूळ ओलांडले, आणि दुसऱ्या बाजूला पेडल आपोआप मऊ झाला. इतका अचानक की गाडी करकचून थांबली.

मी गाडी वळवली. पलीकडून येताना काही नाही. देवळालीच्या बाजूने पुन्हा फाटकाकडे गेलो — पुन्हा दगड. आणखी एकदा केलं, तेच. मग रूळ ओलांडून रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली.

"म्हंजे तुमालाबी झालं," जयवंतराव म्हणाले. एवढंच. आणि ओंजळीत तोंड धरून बसले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची बायको, कमल. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. या गाडीची खरी हौस तिलाच. नवऱ्याशेजारी उघड्या गाडीत बसते म्हणून गावात बोलणं व्हायचं, ती डोक्यावरचा पदर दातात धरून हसायची. आदल्या पावसाळ्यात मागच्या अंगणात सरपण काढताना तिला साप चावला. वडील मांत्रिकाला बोलवा म्हणत होते. यांनी कोणाचं ऐकलं नाही, तिला गाडीत घातली आणि श्रीरामपूरच्या दवाखान्याकडे निघाले. फाटकापाशी आले तर दांडा खाली येत होता. मालगाडी अजून लांब होती. घुसवली असती तर गाडी निघालीही असती... कदाचित. यांनी ब्रेक दाबला.

"ती म्हनली, थांबू नका. जड जीभ झालती, तरी म्हनली. मी थांबलो. मालगाडी काय सरंना. फाटक उघडलं तवा ती..."

 

त्यानंतर त्या जागी पेडल घट्ट व्हायला लागला. एकदा फाटक बंद असतानाही झालं, हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी दांड्याला टेकून थांबली. तेव्हापासून त्यांना भीती बसली होती — आपलाच पाय ब्रेक दाबत नाही, आपल्यालाच थांबायचं नाही. गाडी तपासायला ते माझ्याकडे आलेच नव्हते. स्वतःला तपासायला आले होते.

  मी विचारलं, "त्या दिवशी पुढे दवाखान्यापर्यंत गेला होता?"

"न्हाई. हितूनच माघारी फिरलो. काय करायचं व्हतं जाऊन?"

मी का म्हणालो ते मलाही माहीत नाही. मी देवभोळा नाही, उतारे-तोडगे मला माहीत नाहीत. पण मी गाडीतून उतरलो आणि म्हटलं, "मी इथे थांबतो. तुम्ही तिला दवाखान्यापर्यंत नेऊन या."

 ते सरकून स्टिअरिंगवर बसले. माघारी देवळालीच्या बाजूला जाऊन वळले, आणि फाटकातून माझ्यासमोरून पुढे गेले. डावी सीट रिकामी होती. फाटकवाल्याने मला सावलीत बसायला बोलावलं, पाणी दिलं. त्या दिवशी ड्यूटीवर तोच होता म्हणे. गाडी ओळखून तो एवढंच म्हणाला, की पोर लई गोरीगोमटी हुती, आणि मान फिरवून रुळांकडे बघत राहिला.

उन्हं कलली तेव्हा जयवंतराव परतले. डोळे सुजलेले. दवाखान्याच्या आवारात गाडी लावली, डावीकडचं दार उघडून धरलं आणि म्हटलं, कमल, उतर, आलो आपण... असं त्यांनी मला सांगितलं. आवारातली माणसं बघत होती, म्हणाले.

परत जाताना मीच चालवली. देवळालीकडे जाऊन मुद्दाम वळलो, फाटकाकडे आलो आणि ब्रेकवर पाय ठेवला. पेडल अलगद खाली गेला. दोनदा, तीनदा. काही नाही.

इतकी वर्षं मी कारण शोधतोय. रुळांजवळचा खडबडीत रस्ता म्हणावं, तर मग एकाच बाजूने का? गरम हवा म्हणावी, तर त्या संध्याकाळीही उकडतच होतं. जयवंतरावांच्या मनाचे खेळ म्हणावेत, तर पाय माझा होता, आणि तेव्हा मला कमलचं नावही ठाऊक नव्हतं. पुढे गाड्या बनवणाऱ्या इंजिनिअरांनाही विचारून पाहिलं. ते हसले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हसलो असतो.

त्यानंतर जयवंतराव एकदाच गॅरेजवर आले. ऊसतोड सुरू झाली होती, बैलगाड्यांच्या गर्दीतून वाट काढत आले असावेत, गाडीवर पाचटाचा कचरा होता. मला वाटलं आभार मानायला आले. म्हटलं, काही त्रास?

"न्हाई. रोज जातो फाटकाकडं. काईच व्हत न्हाई." त्यांनी वाकून पेडलकडे बोट दाखवलं. "भाऊ, पयल्यासारका घट्ट करून द्याल का?"

मी बॉनेट उघडलं. करण्यासारखं काहीच नव्हतं हे मला माहीत होतं, तरी नळ्या चाचपल्या, झाकणं उघडून बघितली, उगीच पाना फिरवत राहिलो. ते शेजारी उभे होते. शेवटी बॉनेट लावलं तेव्हा त्यांनी आत बसून ब्रेकवर पाय ठेवला. पेडल मऊच होता. त्यांनी मान हलवली, आणि गाडी चालू करून निघून गेले.