आडातलं तांबडं पाणी

निजामाचं शेवटचं वर्ष, चैताचं ऊन. शेजारच्या वाडीत पटकीनं माणसं मरत होती, म्हणून धाराशिवहून आरोग्य खात्याचा माणूस बैलगाडीतून आमच्या गावात आला. त्यानं आडात लाल दवा ओतली. पोहरा वर आला तर पाणी तांबडं!

गाव हबकलं. सरकारवर भरवसा होता कुणाचा? आमचे मालक तर निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेलेले. "पोरगा गावला न्हाय, म्हणून आता आमाला इख घालतोय मेला," सासूबाई चारचौघींत म्हणाल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

तो माणूस वैतागला. सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी घटाघटा प्याला. "पीओ अम्मा, कुछ नै होता. ओढ्याका पानी मत पीना."

"त्येला उतारा ठावं असंल," आत्याबाई म्हणाल्या, आणि घागर घेऊन ओढ्याला गेल्या. वाळूत खणलेल्या झिऱ्यावर सारा गाव लोटला. त्याच ओढ्यात वरच्या अंगाला वाडीवाले आजाऱ्यांची धुणी धूत होते, हे कुणाच्या डोक्यातच येईना! माझा जीव थाऱ्यावर नव्हता. लेक अंगावर पिणारी, मी तहानलेली राहिले तर दूध आटणार. आडाचं पाणी पिऊन तो माणूस तर धडधाकट होता. शेवटी मी आडावर गेले आणि ओंजळीनं तांबडं पाणी पोटभर प्याले.

आत्याबाईंनी पोर हिसकावूनच घेतली. "अगं कैदाशिणी, लेकराला पाजतीस की! दुधात उतरंल ना इख!" मग समोर बसल्या, मी कवा मरते ते बघत. लेक रडून निळी पडली. मी उठायची, बसायची, दारात जायची, परत यायची. छाती ठणकत होती, चोळी भिजली होती.

"द्या हो इकडं, आत्याबाई."

"हात लावून तर बघ!"

पोर गप बसेना, तेव्हा त्यांनी कापसाचा बोळा झिऱ्याच्या पाण्यात बुडवला. माझं डोकंच फिरलं. घागरीला अशी लाथ घातली की पाणी पार उंबऱ्याबाहेर. "पाण्याला पाय लावला गं बयेनं!" त्या ऊर बडवायला लागल्या. तेवढ्यात मी लेक उचलली आणि पदराखाली घेतली.

लेकीला काही झालं नाही. मलाही नाही. पण आत्याबाई सकाळपासून झिऱ्याचंच पीत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना उलट्या-ढाळ लागले, अंगात गोळे यायला लागले. खात्याचा माणूस धावत आला, पाणी बंद करू नका म्हणाला. मी पेला त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी आत बघितलं. तांबडंच होतं.

"पोरगी बरी हाय का गं?"

"व्हय. खेळतीय."

मग त्यांनी तोंड उघडलं. दोन घोट पोटात गेले, तिसरा ओठावरून सांडला आणि त्या गेल्या.

मला रडू आलं नाही. राग आला, लई राग आला, अजून येतो. इखाला भिऊन दिवसभर नातीला उराशी धरून बसल्या, आणि ते झिऱ्याचं पाणी स्वतःच डोक्यावर वाहून आणलं होतं माझ्या आत्याबाईंनी.