यानबाईचा आवाज

ती अंतराळयानाची मालिका परत यावी की नाही, हे मला विचारू नका. मी किल्ल्या बनवणारा माणूस. मोडकं कुलूप आणा, हरवलेल्या किल्लीचं रडगाणं आणा, ऐकून घेईन. पण नाही! गिऱ्हाईक येतं, टेबलावर किल्ली ठेवतं, इकडेतिकडे बघतं आणि हळूच विचारतं, "काका, मालिका परत काढतायत म्हणे? यानबाई काय म्हणतात?"

यानबाई म्हणजे माझी बायको. मालिका निघाली तेव्हा ती टेलिफोनच्या ऑफिसात होती. "हा क्रमांक अस्तित्वात नाही" एवढं एकच वाक्य बोलायला तिला स्टुडिओत धाडलं होतं. शेजारच्या खोलीत मालिकेचं काम चाललं होतं आणि यानाचा आवाज देणारी नटी आलीच नव्हती. कुणीतरी हिला हाताला धरून आत नेलं, आणि ही बया पुढची पाच वर्षं यानाचा आवाज होऊन बसली. पडद्यावर कधी दिसली नाही. बाजारात कुणी ओळखायचं नाही, पण "पाव किलो द्या" म्हणाली की चार माना वळायच्या.

पहिल्याच भागात तिनं घोळ घातला. कागदावर लिहिलं होतं, "यान प्रस्थान करत आहे." ही बोलून गेली, "येते हं!" घरातून निघताना बोलायची सवय, दुसरं काय! स्टुडिओतली माणसं पोट धरधरून हसली आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. मग प्रत्येक भागाच्या शेवटी ते अवाढव्य धूड "येते हं" म्हणूनच उडायला लागलं.

पुढे वाहिनीचं काय बिनसलं कोण जाणे, गोष्ट अर्ध्यावर सोडून मालिका बंद केली. यान "येते हं" म्हणून अंधारात गेलं ते गेलंच. आता दाढी पिकलेले बाप्ये माझ्याशी हुज्जत घालतात. "काका, ती येते म्हणालीय. जाते म्हणालेली नाही. म्हणजे मालिका परत आलीच पाहिजे!" अरे देवा! माझी मावससासूसुद्धा येते म्हणूनच जाते. ती परत आलीच पाहिजे असं मी कधी म्हटलंय का?

यातल्या एकालाही ठाऊक नाही की तो आवाज आता नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशातली गाठ काढली. जीव वाचला, आवाज गेला. आता ती नुसती कुजबुजते. आणि माझे कान किल्ल्या घासायच्या यंत्रापुढे जन्म काढून कामातून गेलेले. कसा चालत असेल संसार, तुम्हीच सांगा. ती विचारते, दूध आणलं का, मी सांगतो, पंखा चालूच आहे. मग ती कपाळावर हात मारते, जवळ येते आणि माझ्या उजव्या कानाला तोंड लावून सगळं पुन्हा सांगते.

अशात वाहिनीची मॅडम घरी आली. लेकीच्या वयाची, गोड बोलणारी. म्हणाली, "काकू, तुम्हाला काहीच करायचं नाही. जुन्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटर तुमचा आवाज जसाच्या तसा तयार करेल. तुम्ही फक्त हो म्हणा." जाताना माझ्या फोनवर नमुना टाकून गेली.

"आई, हो म्हणून टाक," लेक म्हणाली.

"काही गरज नाही," मी उखडलो. "डुप्लिकेट ते डुप्लिकेटच!"

"बाबा, तुमचा धंदा काय आहे?"

बायको "बघू" एवढंच म्हणाली. तेही लेकीनं मला सांगितलं तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं, म्हणून मी तो नमुना लावला. आवाज पार वाढवून फोन कानाला धरला. "सगळे आत आले का? दार लावून घेते," असं ती म्हणाली. हुबेहूब ती! मोकळी, ठणठणीत, जराशी हुकूम सोडणारी. घरभर असाच तर आवाज फिरायचा. मी पुन्हा लावला. मग पुन्हा. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? डोळे पुसून वर बघतो तर समोर बायको उभी, हातात माझा डबा. तिनं डबा ठेवला आणि गेली. काही बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला, तो मी स्पीकरवर मोठा केला. फोनवर हिची कुजबुज पोचत नाही, म्हणून ती कानात सांगते आणि मी मोठ्यांदा म्हणतो. शब्दाला शब्द. मध्ये स्वतःचं डोकं घातलं की माझा हमखास घोटाळा होतो.

"काय ठरलं, काकू?"

"ती म्हणते, मालिका खुशाल काढा," मी म्हणालो.

"अरे वा!"

"ती म्हणते, आवाजाला नवी मुलगी घ्या. आणि तिला वेळेवर कागद द्या, आयत्या वेळी ओढून नेऊ नका."

"पण काकू, लोकांना तुमचाच आवाज हवाय!"

"ती म्हणते, लोकांची समजूत मी काढेन."

"मग अडचण काय आहे?"

हिचा श्वास तेवढा कानाला लागत होता. मग ती बोलली आणि मी बैलासारखा मान खाली घालून तेही म्हणून टाकलं, "ती म्हणते, तो आवाज घरात आला की हे त्याच्यापाशीच बसून राहतील. माझ्या तोंडाशी कान मग कशाला आणतील?"

पलीकडे मॅडम गोंधळली. "सॉरी काका, नीट कळलं नाही. हे म्हणजे कोण?"

मी सवयीनं कान पुढे केला. बायको नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"हे म्हणजे मी," मी म्हणालो. "आणि तो आवाज नको आम्हाला. हे ती म्हणत नाहीये, मी सांगतोय."