गंगाराममामांनी चालू केलेला सर्व्हर

कॉम्प्युटर रूममध्ये दहा वर्षं काढली की किस्से धुळीसारखे साचतात. झटकायला गेलं की आणखीच उडतात! परभणीच्या आमच्या परीक्षा ऑफिसातले हे काही, नामांतराच्या वर्षांतले.

आमच्याकडे सर्व्हर दोन. नवा चालू, जुना कोपऱ्यात बंद, पण नेटवर्कला जोडलेलाच. नव्याला मी जुन्याचंच नाव दिलं होतं. माझंच शहाणपण! सर्व्हरकडे सगळ्यांची नावं आणि पासवर्ड. तो ओळखेल त्यालाच काम करता येई. आता त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात.

* * *

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शिपाई गंगाराममामांनी यंत्रांची पूजा केली. सुट्टीनंतर ऑफिस उघडलं, तर कॉम्प्युटर नव्या लोकांपैकी कुणालाच आत घेईना! साहेबांनी वैतागून बदली होऊन गेलेल्या जोशींचं नाव टाकलं, तर लगेच आत! कोपऱ्यात पाहतो, तर झेंडूचा हार घालून जुना सर्व्हर सुरू. नाव एकच, म्हणून सगळे कॉम्प्युटर त्यालाच विचारत होते, आणि त्याच्या यादीत जुनीच माणसं!

"मामा, हा कुणी चालू केला?"

"मीच की! बंद मशिनीची पूजा कशी करावी, सर? लय दिवसांनी कसं गुरगुरायलंय बगा!"

* * *

नवे क्लार्क साळवे त्याच सकाळी नागपूरहून परतले होते. दर दसऱ्याला ते दीक्षाभूमीवर जात. दोन दिवसांवर परीक्षा, आणि पालम केंद्राची हॉल तिकिटं दुपारच्या एसटीनं जायची होती. ती साळव्यांनी महिनाभर बसून टाइप केलेली. खाली 'तयार करणार' म्हणून आत असलेल्याचं नाव आपोआप छापलं जाई.

"जोशींच्या नावानं छापून टाका," साहेब म्हणाले. "काय फरक पडतो?" मीही मान डोलावली.

"साहेब, त्यांनी यातलं एक अक्षर टाइप केलं न्हाई. नाव माझंच येऊ द्या."

एका नावापायी मराठवाड्यात घरं जळालेली सगळ्यांना आठवत होती. साहेबांनी जोशींचं नाव स्क्रीनवरून पुसलं. मला माझ्या मान डोलावण्याची लाज वाटली.

* * *

जुना बंद केला. पण एकाच नावाच्या दोन सर्व्हरांच्या भांडणात नव्याची यादीच बिघडली होती. उरली बॅकअपची एक फ्लॉपी. काढली, तर तिच्यावर कुंकू! माझं डोकंच फिरलं.

"मामा, हिलाही?"

"वरच्या चिठ्ठीलाच लावलंय, सर. चष्म्याच्या काचंला कुणी कुंकू लावतं का?"

फ्लॉपी चालली. यादी परत आली. साळव्यांनी आपलं नाव टाकलं, सर्व्हरनं आत घेतलं, आणि प्रिंटर करकरू लागला.

* * *

गठ्ठा घेऊन मामा सायकलवरून स्टँडवर पोचले, तर पालमची गाडी निघालेली! ते सरळ गाडीपुढे उभे राहिले. कंडक्टर ओरडला, "टाइम झालाय आमचा!"

मामा म्हणाले, "परीक्षा पोरायची हाय, तुमची न्हाई!"

तिकिटं वेळेत पोचली.

* * *

पुढच्या वर्षी दसरा जवळ आला, तसं मामांनी विचारलं, "सर, औंदा दोनी मशिनी चालू करू ना?"

मी पूजेच्या दिवशी लवकर येऊन जुन्या सर्व्हरची वायर लपवायची ठरवलं. पहाटेच ऑफिस गाठलं, तर वायर जागेवर नव्हती! तिथं एक चिठ्ठी होती:

'वायर माझ्यासोबत नागपूरला आहे. दसरा झाला की आणतो. — साळवे.'