बियाण्याच्या कंपनीतल्या आपा

वाचकहो, एक अत्यंत गंभीर घोषणा करतो. हातातला चहा खाली ठेवा. जालना जिल्ह्यातल्या आमच्या सरकारी दवाखान्यात एके काळी एकही दुःखी माणूस नव्हता.

आमचं एआरटी केंद्र. एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला आष्टीपासून जाफराबादपर्यंतची माणसं यायची. कोणाचं काम सुटलेलं, कोणाला भावकीनं वेगळं ताट-वाटी दिलेली. पण उदास? छे! तेव्हा पुण्याहून एक संशोधन आलं होतं. नैराश्य कोणाला आहे ते ओळखायचं, त्याच्यावर उपचार करायचे आणि मग त्याच्या एचआयव्हीच्या गोळ्या नीट सुरू राहतात का ते बघायचं. प्रश्न छापील, त्यांत एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. आणि उत्तरं? सगळ्यांची एकच: 'अजिबात नाही.' संशोधनाचे मोठे डॉक्टर ते कागद चाळून स्वतःच उदास झाले.

मी औषधांच्या खिडकीत बसणारा फार्मासिस्ट. त्यामुळे रांगेत चालणारी शिकवणी मला फुकटात ऐकू यायची.

"सगळ्याला अजिबात न्हाई म्हनायचं. जल्दी सुटका."

"अन् हाय म्हनलं तर?"

"मंग डोक्याच्या डाक्टरकडं धाडतेत. एक बीमारी काय कमी हाय का, दुसरी लावून घ्यायला?"

अशा या सुखी राज्यात एके दिवशी आपा दाखल झाल्या. छापील प्रश्न विचारायला नेमलेल्या. जालन्याच्याच. घरी उर्दू, बाहेर मराठी आणि रागात दोन्ही. आधी वर्षानुवर्षं शाळेत शिकवलेलं, त्यामुळे समोरचा माणूस केवढाही मिशाळ असो, आपांच्या लेखी तो गृहपाठ न करता आलेला होता.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. सगळे प्रश्न छापल्याबरहुकूम, बातम्या दिल्यासारखे वाचायच्या. सगळी 'अजिबात नाही' मुकाट लिहून घ्यायच्या. मग पेनाला टोपण लावायच्या. टक्! कागद पालथा घालायच्या, चष्मा काढायच्या आणि म्हणायच्या, "बराबर. आता खरं सांगा."

आणि वाचकहो, माणसं खरं सांगायची! टोपणाच्या त्या आवाजानं परीक्षा संपल्यासारखी वाटायची बहुतेक. मोठे डॉक्टर आधी बिचकले. मग म्हणाले, प्रश्नांना हात लावू नका, ते संपल्यावर काय बोलायचं ते बोला. आणि कोणी काही बोललंच, तर त्याला थेट डॉक्टरांकडे आणा. आपा आणू लागल्या.

अर्थात आपांना आवर घालणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. एकदा एमआयडीसीतल्या स्टीलच्या कारखान्यातला एक गडी आला. नुकतंच लग्न झालेलं, बायकोही आमच्याकडच्याच गोळ्या घेणारी, जोडी अगदी मजेत. तो खरोखरच आनंदी होता. आपांना ते पटेना.

"बराबर. आता खरं सांगा."

"खरंच बरं हाय, आपा."

"बराबर. आता खरं सांगा."

शेवटी तो ढसाढसा रडला. आपा विजयी मुद्रेनं त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. आत चौकशी झाली तेव्हा कळलं, की या खरं-खोट्यात त्याची कारखान्यातली पाळी बुडाली होती आणि मुकादम आता फाडून खाणार म्हणून तो रडत होता. त्यानंतर महिनाभर मी आपांना 'आनंदी माणसं रडवून मिळतील' म्हणून चिडवत होतो. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. माझ्या डब्यातली भाजी मात्र टाकली नाही.

आता मामा. जाफराबादकडचे. थोडी शेती आणि लग्नांत माइकवर बोलायचा धंदा. आमच्या रांगेतही ते माइक नसताना चालू असायचे. "वऱ्हाडी मंडळींनी धक्काबुक्की करू नये, गोळ्या भरपूर हायत, दुसरी पंगत लगेच बसंल!" एवढी माणसं तिथं हसायची ती फक्त त्यांच्यामुळे. घरी कधी माणूस पाठवायची वेळ आली तर चालेल का, असं नोंदणीच्या वेळी विचारलं होतं, तेव्हाही म्हणाले, "या की! फकस्त दवाखान्याचं नाव काढू नका. बियाण्याच्या कंपनीतून आलो म्हना. आमच्याकडं तेच लोक येतेत."

मामांनी आपांना इतकं हसवलं, की टोपण लावायच्या आधीच आपा डोळे पुसत होत्या. अख्ख्या कारकिर्दीत तो एकच माणूस त्यांनी पुढचं न विचारता सोडला.

आणि तोच पुढच्या तारखेला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन बंद. गोळ्या तुटल्या म्हणजे आत दबलेला आजार पुन्हा डोकं काढणार, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. आपांना त्याहून मोठी धास्ती होती.

"हसवलं ना मला मेल्यानं," त्या एकसारख्या म्हणत राहिल्या. "मी इचारलंच न्हाई."

डॉक्टरांची परवानगी घेऊन आम्ही जीपनं निघालो. बियाणे कंपनीचे दोन प्रतिनिधी: एक बुरख्यातल्या आपा, दुसरा मी, हातात औषध कंपनीनं दिलेली बॅग. मामांच्या दारात त्यांची बायको म्हणाली, "पडलेत आत. लग्नाच्या सुपाऱ्या आल्या तरी जात न्हाईत आताशा."

आम्ही आत पाऊल टाकणार, तोच मागून आवाज आला, "कंपनीवाले आलेत का?" पाहता पाहता अर्धं गाव जमलं. एकानं ओंजळभर सोयाबीन माझ्या नाकाखाली धरलं. "हे तुमचं बी! निम्मंबी उगवलं न्हाई! कोन भरून देनार?" दुसऱ्यानं कपाशीवरच्या अळीवर काय मारायचं ते विचारलं. माझ्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "सकाळ-संध्याकाळ. जेवल्यावर."

आपांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात दारात मामा उभे राहिले. दाढी वाढलेली, सदरा लोंबणारा. आमच्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि जुना आवाज कुठून तरी ओढून काढला. "बाजूला व्हा रं! साहेब माझं रान बघायला आल्तेत."

रानात आम्ही बांधावर बसलो. आपांच्या हातात ना कागद, ना पेन.

"कसं चाललंय, मामा?"

"एकदम झकास!"

"बराबर. आता खरं सांगा."

मामा तोंड उघडून विनोद शोधत होते, मला दिसत होतं. सापडला नाही.

"लोकाच्या लग्नात हसून हसून तोंड दुखायचं, आपा," ते म्हणाले. "घरी आलं की भिंतीकडं तोंड करून पडायचो. आता तर दिवसभर पडतो. रात्री वाटतं, सकाळी उठूच नये. मंग गोळ्या कशापायी खायच्या?"

आता आपा भाषण करणार, म्हणून मी सावरून बसलो. त्यांनी केलं नाही. त्या बांधावरून सरकून मामांच्या अगदी शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "उद्या येनार?"

"बघतो."

"बघतो न्हाई. आज तुमच्या मानसांच्या तावडीत आम्ही सापडलो, उद्या आमच्या तावडीत तुम्ही. हिसाब बराबर."

मामा दुसऱ्या दिवशी आले. बायकोला घेऊन. जादू वगैरे काही झाली नाही. डॉक्टरांची वेगळी गोळी लागली, दर आठवड्याला खोलीत बसून बोलणं लागलं आणि महिनेच्या महिने लागले. मधे पुन्हा पडून राहिले, पुन्हा आले. एचआयव्हीच्या गोळ्या मात्र पुन्हा तुटल्या नाहीत. एक दिवस माझ्या खिडकीसमोर येऊन त्यांनी खड्या आवाजात पुकारा केला, "कपाशीला औषध मिळंल का? जेवल्यावरचं?" मी कपाळावर हात मारला. आतल्या खोलीत आपा खो खो हसल्या.

मग संशोधन संपलं. आपा लेकीकडे नांदेडला राहायला गेल्या. जाताना माझा डबाही घेऊन गेल्या. तो अजून आलेला नाही. रांग आहे, प्रश्नही आहेत. ते आता रोजच्या कामातच धरले जातात. आपांच्या खुर्चीत एक नव्या मॅडम बसतात, हातात कागद-पेनाऐवजी टॅबलेट. चांगल्या आहेत, फार गोड बोलतात.

परवा मामा त्यांच्यासमोर बसले होते. चेहरा जरा उतरलेला. प्रश्न झाले. सगळ्याला 'अजिबात न्हाई.' मॅडम हसून म्हणाल्या, "थँक यू, मामा. झालं."

मामा उठले नाहीत. त्यांनी मॅडमच्या हाताकडे पाहिलं, टॅबलेटकडे पाहिलं, टेबलावर इकडेतिकडे पेन आहे का पाहिलं. आणि मग लग्नातल्या माइकच्या आवाजात, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडले,

"अहो मॅडम, 'आता खरं सांगा' म्हना की! त्याबिगर कसं सांगू मी?"