शिवण गळत नव्हती

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही — देवासमोर बसते तेव्हासुद्धा इकडचं तिकडचं मागून उठते, या गोष्टीपाशी आले की मला हटकून कुकरची शिट्टी ऐकू येते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर माझं कौतुकच केलं असतंत. नवऱ्याच्या बहिणीला शेवटपर्यंत सांभाळलं म्हणून इथल्या मराठी मंडळींत माझं नाव फार चांगलं आहे. हळदीकुंकवाला गेले की बायका आपल्या सुनांना माझ्याकडे बोट दाखवतात. मी खाली बघून हसते. सवय झाली आहे.

शालनताई — माझ्या नवऱ्याची, श्रीकांतची, थोरली बहीण. लग्न मोडून, एक ट्रंक आणि एक शिलाई मशीन घेऊन त्या साताऱ्याहून आमच्याकडे आल्या, तेव्हा आम्ही इथे दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. श्रीकांत मंत्रालयात, मी नवी नवरी. ताईंनी आल्या आल्या मशीन खिडकीशी लावलं आणि महिनाभरात शेजारच्या बंगाली, तमिळ, पंजाबी बायका ब्लाऊजपीस घेऊन आमच्या दारात. त्यांनी शिवलेल्या ब्लाऊजची आतली बाजूही बाहेरून घालावी इतकी नेटकी असायची. हे मी आज कौतुकाने सांगते आहे. तेव्हा त्या मशीनच्या आवाजाने माझं डोकं उठायचं.

मग आम्ही नोएडात फ्लॅट घेतला, आणि मला तिथल्याच एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली. कोटिंग केलेलं कापड — ज्यातून पाणी जात नाही ते — विकायचं. दिवसच तसे होते. जो तो नवा सोफा घेत होता, नवी बॅग, नवी स्कूटर, स्कूटरला कव्हर. गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, वॉटरप्रूफ है ना? आणि मी समजावत बसायचे. कापड पाणी अडवत नाही हो, पाणी अडवतो तो त्याच्या पाठीवरचा लेप. सोफ्याला लेप कडक असला तरी चालतो, सोफ्याची कुणी घडी घालत नाही. बॅगेला जरा नरम हवा. अंगात घालायच्या कपड्याला तर इतका लवचिक हवा की चुरगाळून कोंबला तरी तडकता कामा नये. कापडातलं मला कळतं, असं सगळे म्हणायचे. कळतं. म्हणूनच तर हे सांगायची वेळ आली आहे. काही कळत नसतं तर मी सुटले असते.

माझी मुलगी मुक्ता तेव्हा लहान होती. मी सकाळी पर्स अडकवून निघायचे आणि संध्याकाळी यायचे तेव्हा मूल न्हालेलं, जेवलेलं, परवचा म्हणत बसलेलं. चहाचं आधण ठेवलेलं. ऑफिसातल्या मैत्रिणी विचारायच्या, यार, तू ये सब मॅनेज कैसे करती है? मी खांदे उडवायचे! कधी एकदा तरी म्हणावं की नाही — मी काही करत नाही, माझ्या घरी ताई आहेत? नाही म्हटलं.

आमच्या खालच्या मजल्यावर भाटिया मॅडम राहायच्या, जवळच्या एका नव्या शाळेत शिकवायच्या. त्या वर्षी शाळेने ठरवलं, सगळ्या मुलांना एकसारखे रेनकोट. भाटिया मॅडमनी ताईंचं नाव सुचवलं आणि काम ताईंना मिळालं. अख्ख्या शाळेचं. त्या दिवशी ताई जेवल्याच नाहीत आनंदाने. मग दोन दिवसांनी, भाजी निवडता निवडता, मला म्हणाल्या की पलीकडच्या सेक्टरात वरच्या मजल्यावरची एक खोली त्यांनी बघून ठेवली आहे. खिडकी उत्तरेला आहे, मशीनला उजेड छान मिळेल. हे काम नीट पार पडलं की शाळा दरवर्षी देईल, मग हळूहळू तिकडे जाईन म्हणते. किती वर्षं भावाच्या घरात राहायचं?

 खरं सांगते, पहिला विचार ताईंचा नव्हता. मुक्ताला कोण बघणार — हा होता. सकाळचा डबा, दुपारची शाळेची बस, ताप, परीक्षा... माझी नोकरी उभीच होती ती त्यांच्या खांद्यावर. आणि तोंडाने मी काय म्हणाले? ‘अरे वा, ताई! कापडाचं मी बघते. तुम्ही बिलकुल काळजी करू नका.’

आमच्या गोडाऊनमध्ये तेव्हा एक लॉट पडून होता. परदेशातून परत आलेला. रंग सुरेख निळा, हाताला झुळझुळीत. पण लेप कडक. फर्निचरवर टाकून ठेवायच्या कव्हरांसाठी बनलेलं कापड ते, कपड्याचं नव्हेच. मी एकटीच आत गेले. एक तुकडा घेतला, घडी घातली, नखाने दाबली, उघडली. मग त्या घडीच्या रेघेला तोंड लावून फुंकर मारली — आमच्या धंद्यात असंच बघतात, लेप शाबूत असेल तर वारा पार जात नाही. पलीकडे धरलेल्या माझ्या तळव्याला वारा लागला. पुन्हा मारली. पुन्हा लागला. मुलं रेनकोटचं काय करतात? घडी करून दप्तरात कोंबतात. रोज.

मी तोच लॉट घरी पाठवला.

मुद्दाम? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता त्याची धारच गेली. साहेबांना तो माल हलवायचा होता, हे खरं. ताईंच्या बजेटात बसत होता, हेही खरं. पण तळव्याला वारा लागला तेव्हा मला जे वाटलं ते वाईट नव्हतं. हायसं वाटलं होतं. बास. याहून जास्त खणून मला काय मिळणार आहे?

ताईंनी कापडाचा गठ्ठा उघडला आणि हरखून गेल्या. एक्स्पोर्टचं कापड! दिल्लीत त्या काळी या शब्दाला देवासारखं मानायचे. बाहेरून परत पाठवलेला मालसुद्धा आपल्याकडच्या चांगल्या मालाच्या वरचा धरायचे लोक. तरी त्यांनी आपल्या परीने तपासलं. बादलीच्या तोंडाला कापड ताणून बांधलं, त्यात पाणी ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी बादली कोरडी. राहणारच. घडी कुठे होती त्याला? मी दात घासत उभी होते, बघत होते.

शिवायला मात्र मी मनापासून शिकवलं त्यांना — हसू नका. या कापडाला टाचणी लावायची नाही, भोक पडलं की पडलं, ते बुजत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे लावून धरायचं. टीप एकदाच घालायची, उसवायची वेळ आणायची नाही. ऑफिसच्या सॅम्पल रूममधून बारीक सुयांचं पाकीट मी स्वतः आणून दिलं. ताईंनी असं काम केलं की आमच्या कारखान्यातल्या कुणालाही लाज वाटावी. एक टीप वाकडी नाही.

जुलैत दोन-चार पाऊस झाले आणि भाटिया मॅडम दारात. हातात ओले रेनकोट. ‘दीदी, बच्चे तो अंदर तक भीग गए. प्रिन्सिपल बहुत नाराज हैं.’ ताईंचा चेहरा — तो मी वर्णन करणार नाही. त्या माझ्याकडे वळल्या. कापडातलं मला कळतं ना!

मी एक रेनकोट घेतला. खिडकीशी गेले. उजेडाला धरला आणि खांद्याची शिवण त्यांना दाखवली. सुईची भोकं, चांदण्या दिसाव्यात तशी ओळीने. ‘ताई, हे बघा. इथून शिरतंय.’ अहो, ती भोकं कुठल्याही रेनकोटला असतात! चांगल्या कापडाला बारीक सुईची टीप असली तर त्यातून एवढंसं ओलावतं, मुलं चिंब होत नाहीत. आणि ज्या चिरांतून पाणी खरंच येत होतं त्या केसाहून बारीक — नुसत्या डोळ्यांना दिसायच्या नाहीत. मला त्या कुठे आहेत ते माहीत होतं. माझं बोट त्या शिवणीवरच राहिलं.

ताईंनी सगळे रेनकोट परत मागवले. मेणबत्त्या आणल्या, आणि प्रत्येक शिवणीवर मेण घासायला बसल्या. मेण घासायचं, वर वर्तमानपत्र ठेवायचं, कोमट इस्त्री फिरवायची. बोटांना चटके बसले. मुक्ता बाजूला बसून मेणाचे तुकडे वेचत होती. मी ऑफिसातून येऊन रोज ते बघायचे आणि चहा प्यायचे — हो, चहा त्याही दिवसांत वेळेवर मिळाला मला. शिवणी पक्क्या झाल्या आणि रेनकोट पुन्हा गळले. शाळेने काम दुसऱ्या कुणाला दिलं. ताईंनी त्या खोलीच्या मालकाला नको म्हणून कळवलं.

मशीन बाल्कनीत गेलं. उरलेल्या निळ्या कापडाचं ताईंनीच त्याला कव्हर शिवलं — त्यांनी शिवलेली ती शेवटची वस्तू. ते कव्हर कधी घडी घातलं गेलं नाही, त्यामुळे कधी गळलंही नाही. किती पाऊस त्याच्यावरून गेले, मशीनला गंज चढला नाही. ताई ते कव्हर हाताने चापून बघायच्या आणि म्हणायच्या, ‘बघ, कापड तू किती चांगलं आणलं होतंस. मीच वाट लावली.’

यानंतर तरी बोलायचं ना? मी काय केलं ऐका. घरात नळ गळायला लागला की मी म्हणायचे, काय हो, हा ताईंनी शिवलाय का? पहिल्यांदा मीच म्हणाले. मग श्रीकांत म्हणायला लागला, मग मुक्ता. गळकं ते सगळं ‘आत्याचं काम’. ताईही हसायच्या. मुक्ताच्या लग्नात तिने हट्ट धरला, आत्या, माझा ब्लाऊज तूच शिव. ताई म्हणाल्या, नको बाळा, माझा हात भरवशाचा नाही. ब्लाऊज बाजारातून शिवून आला, काखेत काचत होता. मुक्ता दिवसभर तो खेचत होती.

ताई गेल्या त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. अंथरुणाला खिळल्या होत्या. दुपारची वेळ, घरात आम्ही दोघीच. मी त्यांचे पाय चेपत होते — मी त्यांचं सगळं केलं, ते खोटं नाही.  ताई म्हणाल्या, ‘मीना, तुला कापडातलं कळतं. आता तरी खरं सांग, राग नाही येणार मला. त्या रेनकोटांत माझं नेमकं काय चुकलं होतं गं?’

बघा, कशी वेळ आली होती. कुणी नव्हतं. मुक्ता मोठी झाली होती, मी निवृत्त झाले होते, कुणाची कुठली नोकरी अडत नव्हती. गमावण्यासारखं माझ्याजवळ काहीही उरलं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. त्या रागावल्याही नसत्या, कदाचित.

मी म्हणाले, ‘सुई जाड होती, ताई.’

‘तरीच,’ त्या म्हणाल्या. चेहरा सैल पडला त्यांचा. ‘मला वाटायचंच. जरा बारीक घ्यायला हवी होती.’ आणि डोळे मिटले.

सुई बारीकच होती. मीच आणून दिली होती.